मुखदर्शन

ज्या गोष्टीची आपण जन्मभर टवाळी करीत आलों, तीच एके दिवशीं आपण स्वतः, आणि तीहि पदरचे पैसे मोजून, करीत आहों असें ध्यानांत यावें, ह्यासारखी अडचणीची अवस्था मनुष्याच्या वांट्याला क्वचितच येत असेल. रांग टाळून आडदारानें आंत शिरणारे भाविक, नाट्यगृहांतल्या पुढल्या राखीव खुर्च्या, लग्नघरीं खाशा मंडळींसाठीं मांडलेली वेगळी पंगत, ह्या सर्वांवर मीं आजवर वर्गांत आणि वर्गाबाहेर भरपूर तोंडसुख घेतलें आहे. माझे विद्यार्थी सांगतील कीं, पाठ कोणत्याहि लेखकाचा असो, सरांची गाडी फिरून फिरून ह्या ‘विशेष सोयी’वर येऊन थांबायचीच. अशा मनुष्यानें गेल्या मे महिन्यांत इंग्लंडांत बसून एका जगप्रसिद्ध प्राचीन वास्तूच्या खास दर्शनासाठीं, म्हणजे बाकीच्या जगाला बाहेर ठेवून घडणाऱ्या दर्शनासाठीं, आपलें नांव नोंदविलें. तें कसें घडलें आणि त्यांतून पुढें काय निघालें, हें सांगून टाकल्यावांचून मला चैन पडणार नाहीं.

आमची मुलगी गेलीं चार वर्षें रेडिंग येथें असते. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर आम्ही उभयतां तिच्याकडे गेलों. लंडनांतलीं ठराविक स्थळें पाहून झालीं, राजवाड्याबाहेरचे पहारेकरी पाहून झाले, आणि मग एके दिवशीं तिनें विचारलें, “बाबा, हें सगळें आम्हीं दाखवलेलें झालें. तुम्हांला स्वतःला काय पाहायचें आहे?”

मला उत्तर शोधावें लागलें नाहीं. “स्टोनहेंज,” मी म्हणालों.

ह्या उत्तरामागें पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. टॉमस हार्डीची १८९१ सालीं प्रसिद्ध झालेली ‘टेस’ ही कादंबरी मीं इतक्या वेळां शिकविली आहे कीं, तिच्या नायिकेचीं दुःखें मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या दुःखांपेक्षां अधिक तपशीलवार ठाऊक आहेत. कादंबरीच्या शेवटीं पळून दमलेली टेस रात्रीच्या अंधारांत चांचपडत ह्या शिळांपाशीं येते. दिवसाच्या उन्हानें अजून ऊबदार राहिलेल्या एका आडव्या शिळेवर ती निजते, आणि उजाडतां उजाडतां तिला धरून नेणारीं माणसें चहूं बाजूंनीं येऊन उभीं राहतात. हा प्रसंग शिकवितांना मी दर वर्षीं फळ्यावर खडूनें शिळांचें वर्तुळ काढीत असें. वर्तुळ फळ्यावर काढतां येतें; पण ती ऊब कांहीं काढतां येत नाहीं. त्या शिळेवर एकदां आपला तळहात ठेवून पाहावा, एवढीच माझी इच्छा होती.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर जांवयांनीं संगणक उघडला आणि इंजिनियराच्या शिस्तीनें सांगितलें कीं, तेथें जाण्याच्या चार वाटा आहेत. पहिली अगदीं फुकटची. शिळांच्या शेजारून एक जुना, सर्वांना मोकळा असा कच्चा रस्ता जातो. त्यावर उभें राहून कुंपणापलीकडच्या शिळा हव्या तितका वेळ पाहाव्या. दुसरी साध्या तिकिटाची. २०१३ सालीं शिळांपासून सुमारें अडीच किलोमीटरांवर जें स्वागतगृह बांधलें, तेथून बसनें यावें आणि आंखून दिलेल्या वाटेनें शिळांना प्रदक्षिणा घालावी. वर्तुळाच्या आंत मात्र पाऊल टाकतां येत नाहीं. तिसरी वाट खास. रोजची वेळ सुरू होण्यापूर्वीं किंवा संपून गेल्यावर, फार तर तीस माणसांना, सुमारें तासभर प्रत्यक्ष वर्तुळाच्या आंत सोडतात. बरोबर जाणता मार्गदर्शक असतो, आणि अर्थातच त्या सर्वांचें मोल साध्या तिकिटाहून कितीतरी अधिक असतें.

“आणि चौथी?” मीं विचारलें.

“चौथी म्हणजे जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाची पहाट,” मुलगी म्हणाली. “त्या रात्रीं सगळ्यांना आंत मोकळें सोडतात. तिकीट नाहीं, कांहीं नाहीं. हजारों माणसें येतात, रात्रभर जागतात आणि शिळांमध्यें उभीं राहून सूर्य उगवतांना बघतात. पण तुमचें परतीचें विमान त्याच्या दहा दिवस आधींचें आहे.”

“म्हणजे ह्यांचीहि आषाढीच कीं!” माझी पत्नी भाजी निवडतां निवडतां म्हणाली. “मग विमानाची तारीख नाहीं का पुढें ढकलतां येणार?”

“हजारों माणसांच्या गर्दींत मनुष्य पाहणार काय?” मीं विचारलें, आणि हा प्रश्न नसून निकाल आहे हें तिच्या ध्यानांत आल्यामुळें तिनें पुन्हां भाजीकडे लक्ष दिलें.

पुढचे दोन दिवस मी त्या तिसऱ्या वाटेच्या अभ्यासांत घालविले. खास दर्शन घडविणाऱ्या मंडळींचा तेथें तोटा नाहीं. कोणी लंडनहून मोटारींतून नेतात, कोणी वाटेंत सॉल्सबरीचें प्रार्थनामंदिरहि दाखवितात, कोणी पहाटेची वेळ देतात तर कोणी संध्याकाळची. प्रत्येकाच्या जाहिरातीखालीं पूर्वीं जाऊन आलेल्या प्रवाशांचे अभिप्राय होते आणि ते मीं परीक्षेच्या उत्तरपत्रिकांइतक्या काळजीनें वाचले. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तेथें काय होतें ह्याविषयीं बहुतेकांनीं थोडेंच लिहिलें होतें. तेथें कोण नव्हतें ह्याविषयीं मात्र सर्वजण भरभरून बोलत होते. ‘आमच्याखेरीज चिटपाखरूं नव्हतें’ ही त्यांतली सर्वोच्च प्रशस्ति. ‘एक्स्क्लूझिव्ह’ ह्या इंग्रजी शब्दाचा लॅटिन धात्वर्थ ‘बाहेर ठेवून दार लावणें’ असा आहे, हें मी विद्यार्थ्यांना अनेकदां सांगत आलों आहें. त्या रात्रीं मात्र तो धात्वर्थ मला मुळींच खुपला नाहीं. मी कांहीं हौशी प्रवासी नाहीं, मी अध्यापक आहें. ज्यानें पंचवीस वर्षें हा प्रसंग शिकविला त्याला आंत जाण्याचा इतरांहून कांहीं अधिक अधिकार असलाच पाहिजे, अशी मीं मनाची समजूत घातली. आपल्यासाठीं दार किलकिलें करून घ्यावयाचें असलें म्हणजे प्रत्येकजण असाच एखादा अधिकार शोधून काढतो, हें मला ठाऊक होतें. परंतु ठाऊक असणें निराळें आणि आड येणें निराळें. मीं पहाटेची वेळ निवडली, दोन माणसांचे पैसे भरले, आणि त्या रकमेचे रुपये किती होतात ह्याचा हिशेब पत्नीसमोर न करण्याची दक्षता घेतली.

जाण्याच्या आदल्या रात्रीं मीं त्या स्थळाचा अलीकडचा इतिहास वाचावयास घेतला, आणि तेथेंच माझ्या समाधानाला पहिला तडा गेला. ह्या शिळा शेंकडों वर्षें उघड्या माळावर उभ्या होत्या; येणारा-जाणारा त्यांच्यांत खुशाल हिंडत असे. १९०० सालच्या अखेरच्या दिवशीं एक उभी शिळा कोसळली, आणि पुढल्या वर्षीं जमिनीच्या मालकांनीं भोंवतीं तारेचें कुंपण घालून माणशीं एक शिलिंग घेण्यास सुरुवात केली. ह्यावर पुष्कळ ओरड झाली. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १९०५ सालीं निकाल मालकांच्या बाजूनें लागला. पुढें १९१५ सालीं ती जमीन शिळांसकट लिलावांत निघाली, आणि सेसिल चब नांवाच्या बॅरिस्टरांनीं ती ६,६०० पाउंडांना विकत घेतली. बायकोनें त्यांना लिलावांतून खुर्च्या आणावयास धाडलें होतें आणि ते शिळा घेऊन घरीं आले, अशी एक आख्यायिका तिकडे सांगतात. विवाहित पुरुषांना ती खरी वाटावयास हरकत नाहीं. तीनच वर्षांनीं, १९१८ सालीं, ह्या गृहस्थांनीं सारी मिळकत राष्ट्राला दान केली. दान देतांना त्यांनीं कांहीं अटी घातल्या होत्या. त्यांतली एक अशी कीं, लोकांना आंत जाऊं द्यावें, आणि माणशीं एक शिलिंगाहून अधिक आकार घेऊं नये.

शिलिंग म्हणजे पाउंडाचा विसावा भाग. मीं माझी पावती काढून पाहिली आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशीं पहाटें चारला आम्ही निघालों. जांवई मोटार चालवीत होते; मुलगी रजा नसल्यामुळें घरींच राहिली. पत्नीनें थर्मासांत चहा आणि डब्यांत खोबऱ्याच्या वड्या घेतल्या होत्या. “तासाभराच्या कामाला फराळ कशाला?” असें मी म्हणालों, त्यावर “असूं दे, कोणाला तरी लागेल,” एवढेंच तिनें उत्तर दिलें. विल्टशरचा तो माळ अगदीं आपल्या माणदेशासारखा उघडा, फक्त हिरवा. हवेंत बोंचणारी थंडी होती. कोठें तरी वर, दिसणार नाहीं इतक्या उंचावर, चंडोल गात होता, आणि खालीं मेंढ्या चरत होत्या. जवळच्या हमरस्त्यावरून मालमोटारींचा आवाज मधूनमधून येत होता. कादंबरींत तो नव्हता.

आम्ही तीसजण होतों. आमची मार्गदर्शिका साठीच्या घरांतली एक हंसतमुख बाई होती. आंत सोडण्यापूर्वीं तिनें नियम सांगितले. शिळांवर चढूं नये, त्यांवर कांहीं ठेवूं नये, जमीन उकरूं नये. आणि शेवटचा नियम: शिळांना हात लावूं नये.

माझा उजवा हात ओव्हरकोटाच्या खिशांत होता. तो तेथेंच राहिला.

नियम चुकीचा होता असें मी म्हणणार नाहीं. गेल्या शतकांपूर्वीं येथें येणारे लोक आठवण म्हणून शिळांचे तुकडे फोडून नेत असत. पुढें प्रवाशांची संख्या इतकी वाढली कीं, त्यांच्या पायांखालीं गवत उरेना. म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मधल्या भागांत जाणें बंद करावें लागलें. प्रेमानें का होईना, लाखों हात लागले म्हणजे दगडहि झिजतो. त्या शिळांवर वाढलेलें दगडफूल शेंकडों वर्षांचें आहे, असें बाईनें सांगितलें. तेव्हां दोष दोरी बांधणाऱ्यांचा नव्हे. प्रश्न फक्त एवढाच होता कीं, मीं एवढे पैसे देऊन विकत घेतलें तें काय?

तसें पाहिलें तर पुष्कळ घेतलें. दुरून ज्या शिळा खेळण्यासारख्या दिसतात, त्या जवळ गेल्यावर माणसाला एकदम लहान करून टाकतात. सर्वांत उंच उभी शिळा जमिनीवर साडेसहा मीटरांहून अधिक आहे, आणि तिच्या माथ्यावर मुठीसारखा एक उंचवटा दिसतो. आडव्या शिळेच्या पोटांत ह्याला बसेल अशी खोबण कोरलेली असे. सुतार दाराची चौकट जोडतो त्याच रीतीनें, पंचवीस टनांच्या दगडांत, साडेचार हजार वर्षांपूर्वीं, हातांत दगडाचींच हत्यारें असतांना त्या लोकांनीं हे सांधे बसविले. एका शिळेवर खंजिराची आकृति कोरलेली आहे. शतकानुशतकें माणसें तिच्यासमोरून गेलीं, पण १९५३ सालीं तिरप्या उन्हांत ती प्रथम कोणाच्या ध्यानांत आली. २०१२ सालीं यंत्रानें शिळांची बारीक तपासणी झाली, तेव्हां कुऱ्हाडीच्या पात्याच्या आकृति एकंदर ११५ भरल्या. शेजारच्या शिळेवर ‘रेन’ हें आडनांव खोदलेलें आहे. आपल्याकडे किल्ल्याच्या भिंतीवर नांवें कोरणाऱ्या तरुणांना आम्ही अशिक्षित म्हणतों. येथें तिकीट काढून तीं दाखवितात.

हें सर्व पाहत असतांना मी एक उद्योग मनापासून करीत होतों. टेस जेथें निजली असेल असें मला वाटलें, त्या जागेचें छायाचित्र मला हवें होतें. तेथें कोणी माणूस मात्र नको होता. मी मोबाइल डोळ्यांसमोर धरी, आणि तेवढ्यांत लाल टोपीवाला एक गृहस्थ चौकटींत येई. तो गेला कीं दोन मुली येत. मी पुन्हां थांबें. थोड्या वेळानें माझ्या ध्यानांत आलें कीं तो लाल टोपीवालाहि मोबाइल धरून थांबलेला आहे, आणि तो माझ्या हलण्याची वाट पाहत आहे. मीं भोंवतीं नजर टाकली. तीसांपैकीं निदान वीसजण तरी असेच उभे होते, आणि प्रत्येकजण उरलेल्या एकोणतीसांच्या नाहींसें होण्याची वाट पाहत होता. जगाला बाहेर ठेवून आम्ही आंत आलों होतों. आतां आम्हांला एकमेकांना बाहेर काढावयाचें होतें. बाहेर ठेवण्याचा हा खेळ एकदां सुरू झाला म्हणजे तो शेवटल्या माणसापाशींहि थांबत नाहीं. कारण त्या शेवटल्या माणसाचीहि सांवली चित्रांत येतेच.

तेवढ्यांत बाईनें सर्वांना मध्यभागीं बोलाविलें आणि शिळांचीं मूळ गांवें सांगावयास सुरुवात केली. मोठ्या शिळांपैकीं बहुतेक उत्तरेकडच्या पंचवीस किलोमीटरांवरल्या रानांतल्या, हें २०२० सालीं ठरलें. आंतल्या लहान, निळसर शिळा पश्चिमेकडच्या वेल्समधल्या टेंकड्यांवरून, दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आणलेल्या. आणि मध्यभागीं दुसऱ्या पडलेल्या शिळांखालीं अर्धवट दडलेली जी सहा टनांची शिळा आहे, ती तर स्कॉटलंडच्या ईशान्य भागांतली, निदान साडेसातशें किलोमीटर दूरची, असें २०२४ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें. येथून जवळच त्या काळची एक मोठी वस्ती खणून काढली आहे. तेथें डुकरांच्या हाडांचे ढीग सांपडले. त्यांतलीं पुष्कळ डुकरें नऊ महिन्यांच्या सुमारास मारलेलीं आहेत. वसंतांत जन्मलीं असें धरलें तर हिंवाळ्याच्या मध्यावर. म्हणजे वर्षांतला सर्वांत लहान दिवस, जेव्हां सूर्य ह्याच शिळांच्या रेषेंत मावळतो. हाडांच्या परीक्षेवरून तीं जनावरें आसपासचीं नव्हेत, बेटाच्या चारी दिशांनीं आणलेलीं आहेत, असेंहि दिसून आलें आहे. माणसें आपलें जेवण हांकीत, कित्येक दिवस चालत, येथें एकत्र येत असत.

“तरी मी म्हटलें,” माझी पत्नी हळूच मराठींत म्हणाली, “हें रिंगण आहे.”

मी कांहीं बोललों नाहीं. बाई पुढें सांगत होती कीं, ती स्वतः दर वर्षीं जूनच्या त्या रात्रीं येते. १९८५ पासून बरीच वर्षें ती रात्र लोकांना बंद होती. पोलिसांशीं मारामाऱ्या झाल्या होत्या. २००० सालापासून पुन्हां सर्वांना मोकळें सोडतात. “ढोल असतात, चिखल असतो, झोंप मुळींच नसते,” ती हंसून म्हणाली. “कांहीं दिसतहि नाहीं म्हणा. पुढें सगळीं डोकींच डोकीं. पण उजाडायच्या वेळीं सगळे एकदम गप्प होतात. कोणी शिळेला पाठ टेकून बसलेलें असतें, कोणी तळहात लावून उभें असतें.”

तळहात! ज्याच्यासाठीं मीं एवढी खटपट केली, तें त्या चौथ्या वाटेवर, फुकटच्या गर्दींत होतें. आणि ती वाट मीं एका प्रश्नानें निकालांत काढली होती. त्या क्षणीं मला आईची आठवण झाली. आठवण झाली म्हणण्यापेक्षां, बारा वर्षें जी मीं दाराबाहेर उभी करून ठेविली होती ती आंत आली, असें म्हणणें अधिक खरें होईल.

बारा वर्षांपूर्वीं कार्तिकीच्या सुमारास मी आईला घेऊन पंढरपुरास गेलों होतों. तिचें वय तेव्हां एकाहत्तर होतें. पंढरपुरास दर्शनाच्या दोन रांगा असतात हें वाचकांना ठाऊक असेलच. एक मुखदर्शनाची: थोडक्यांत आटोपते, दुरून विठ्ठलाचें मुख दिसतें आणि मनुष्य बाहेर पडतो. दुसरी पदस्पर्शाची: ती यात्रेच्या दिवसांत तासचे तास चालते, पण शेवटीं पायांवर प्रत्यक्ष हात आणि डोकें ठेवतां येतें. मीं आईला सांगितलें कीं तुझ्या गुडघ्यांना हें झेपणार नाहीं, मुखदर्शन घेऊं आणि परत जाऊं. तिनें ऐकलें नाहीं. महाद्वारापाशीं नामदेव पायरीला आणि समोर चोखोबांच्या समाधीला हात जोडून ती दर्शनबारींत जाऊन उभी राहिली. ज्याला आंत जाण्याची बंदी होती त्या संताची समाधि अजून दाराबाहेरच आहे, आणि तें दार सर्वांसाठीं उघडावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींना उपोषण करावें लागलें, ह्यावर त्या दिवशीं मीं आईला रांगेच्या टोंकाशीं एक लहानसें व्याख्यानहि दिलें. तिनें तें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “मग तूं येतोस का रांगेंत?” मीं घड्याळ पाहिलें. मुखदर्शन तासाभरांत उरकून मी उतरण्याच्या जागीं गेलों, वर्तमानपत्र वाचलें, आणि चक्क झोंपलों.

आई नऊ तासांनीं परतली. पाय सुजले होते. मीं चिडून विचारलें, “काय मिळालें?” तर ती विठ्ठलाविषयीं सांगेच ना! पुढें जालन्याकडची एक बाई होती, तिनें अर्धी भाकरी दिली. मागें एक म्हातारा होता, त्याचा मुलगा त्याच वर्षीं गेला होता. तो मध्येंच रडूं लागला तेव्हां सगळ्यांनीं मिळून हरिपाठ म्हटला. एका पोरीला उभ्या उभ्या झोंप येत होती, तिला आळीपाळीनें सगळ्यांनीं घेतलें. “आणि पाय?” मीं विचारलें. “गार होते,” ती म्हणाली. “हात लावून लावून झिजलेत. एक क्षणभर हात ठेवला, तेवढ्यांत पुढें सरकवलें.”

“म्हणजे एका क्षणासाठीं नऊ तास?”

तिनें माझ्याकडे पाहिलें. मी परीक्षेंत नापास होऊन घरीं आलों असतां तरी तिनें असेंच पाहिलें असतें: रागावून नव्हे, नवल करून. “अरे,” ती म्हणाली, “ते नऊ तास काय वायां गेले?”

पुढल्या वर्षीं आई वारली. तिच्याबरोबर त्या रांगेंत उभें राहणें पुन्हां कोणत्याहि तिकिटावर मला मिळण्यासारखें नव्हतें. ह्या गोष्टीचा विचार मीं आजवर टाळला होता, कारण टाळण्याची सोय होती; मला कामें असतात, मला लेख लिहावयाचे असतात. त्या दिवशीं पहाटें, परक्या देशांत, हात खिशांत घालून त्या शिळांमध्यें उभा असतांना मला दिसलें कीं मीं दोन्हीं ठिकाणीं एकच चूक केली होती. पंढरीस मीं तास वांचवून क्षण दुरून घेतला. येथें पैसे मोजून क्षण जवळून घेतला. पण त्या क्षणाच्या पोटांत असलेले तास मीं दोन्हीं वेळां वगळले. स्कॉटलंडपासून साडेसातशें किलोमीटर शिळा ज्यांनीं आणली, त्यांची रांग तर नऊ तासांची नव्हती. ती शिळा म्हणजे त्या चालण्याचा शेवटचा क्षण होता, आणि मी चालणें सोडून शेवट तेवढा पाहावयास आलों होतों. तेथें माणसें नसावींत म्हणून मीं पैसे दिले होते. आणि तीं माणसें वजा केल्यावर तेथें उरतात ते दगड.

तास संपला. फाटकाकडे परततांना पाहतों तों पत्नी आमच्यांतल्याच एका वृद्ध बाईबरोबर चालत होती, आणि दोघींच्याहि हातांत खोबऱ्याची वडी होती. माझी पत्नी प्राथमिक शाळेंत मराठी शिकविते; तिचें इंग्रजी बेताचें आहे. परंतु मोटारींत बसल्यावर तिनें जें सांगितलें तें ऐकून मी थक्क झालों. ती बाई वेल्सची होती. जेथून त्या निळसर शिळा निघाल्या त्या टेंकड्यांच्या पायथ्याशीं तिचें माहेर. नवऱ्याला हें स्थळ दाखवावयाचें असें ती चाळीस वर्षें म्हणत होती. तो फेब्रुवारींत गेला, म्हणून एकटीच आली. “आमच्या गांवचे दगड इथें कसे आहेत तें बघायला आलें, म्हणाली,” पत्नीनें सांगितलें. “सासरीं गेलेल्या मुलीला बघायला यावें ना, तसें.”

मीं मोबाइल उघडून सकाळचीं छायाचित्रें पाहिलीं. एकांत शिळा अगदीं एकट्या आल्या होत्या. एकहि माणूस नव्हता. तें चित्र मीं जपून ठेविलें आहे, आणि यंदा ‘टेस’ शिकवितांना विद्यार्थ्यांना दाखविलेंहि. दुसऱ्या एका चित्रांत मात्र कोपऱ्यांत चुकून दोघी बायका आल्या आहेत: एक ओव्हरकोटांतली, एक साडीवर स्वेटर घातलेली, डबा उघडा आहे, आणि दोघी त्यांत वांकून पाहत आहेत. मागें खंजिराची शिळा आहे, पण ती अंधुक आली आहे. तें चित्र आमच्या दिवाणखान्यांत लावलें आहे.

घरीं परतल्यावर आठ दिवसांनीं मी पत्नीला म्हणालों, “यंदा कार्तिकीला पंढरपुरास जाऊं.”

“मुखदर्शन का?” तिनें विचारलें.

“नाहीं. रांगेंत.”

तिनें माझ्या गुडघ्यांकडे पाहिलें, मग माझ्याकडे. “रात्रीं तिकडे गारठा असतो,” ती म्हणाली. “स्वेटर घ्या. आणि डबा मी मोठाच भरीन.”